जुनी मारुती मध्येच बंद पडते, वायरिंग दगा देतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या काळात निघालेल्या ८००, ओम्नी आणि झेन अजूनही पुष्कळ घरांत चालू आहेत. खालचे प्रश्न त्यांच्या मालकांकडून सतत येणारे आहेत. कार्ब्युरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या) आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणाऱ्या) अशा दोन्ही गाड्या धरल्या आहेत. उत्तर एकाच प्रकाराला लागू असेल तिथे तसं लिहिलं आहे. आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असला तर तोच धरा.

१. गाडी चालता चालता बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी काहीही न करता चालू होते. असं का होतं?

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. हवा सहसा अचानक जात नाही. म्हणजे शोधायचं एवढंच: ठिणगी गेली की पेट्रोल गेलं.

गाडी कशी बंद पडली यात अर्धं उत्तर असतं. किल्ली फिरवून बंद करावी तशी एका क्षणात बंद पडली तर दोष बहुतेक वेळा विजेचा. आधी झटके मारले, पिकअप गेला, थोडी सावरली, पुन्हा झटके मारले आणि मग बंद पडली, तर पेट्रोल कमी पडतंय. थंड झाल्यावर चालू होत असेल तर तापल्यावर काम सोडणारा एखादा भाग आहे: ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल, पॉइंटमधली ठिणगी शोषणारा कंडेन्सर, पॉइंटऐवजी असणारा इलेक्ट्रॉनिक इग्नायटर, इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर (प्रश्न ५, ६ आणि १०) किंवा पेट्रोलची वाफ (प्रश्न ७). तापमानाशी काही संबंध न दिसता केव्हाही बंद पडत असेल तर लूज कॉन्टॅक्टकडे आधी बघा (प्रश्न ४ आणि ११).

गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असते. मग अंदाजाने प्लग, कॉइल, पंप बदलले जातात आणि पैसे जातात. म्हणून गाडी बंद असतानाची ती पाच-दहा मिनिटं फार मोलाची आहेत. तेव्हा केलेली एक तपासणी नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

२. बंद पडल्या पडल्या रस्त्यावर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने?

गाडी कडेला घ्या, पार्किंग लाइट लावा, हँडब्रेक ओढा. लगेच सेल मारत बसू नका. सेल मारता मारता गाडी चालू झाली तर पुरावा गेला.

किल्ली ऑनवर ठेवून डॅशबोर्ड बघा. इंजिन बंद असताना बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. दोन्ही लागले नाहीत तर इग्निशनला करंटच येत नाही. किल्ली हलकेच मागेपुढे हलवून बघा. दिवे लागत-विझत असतील तर इग्निशन स्विच खराब आहे. हॉर्न आणि हेडलाइटही मेले असतील तर बॅटरीचे टर्मिनल आणि तिच्याजवळची मुख्य फ्यूज लिंक बघा.

दिवे नीट लागतात, सेलही नीट फिरतो, तर ठिणगी बघा. प्लगची एक वायर काढून तिला जवळ ठेवलेला जास्तीचा प्लग लावा. प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवा आणि दुसऱ्याला तीन-चार सेकंद सेल मारायला सांगा. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी म्हणजे नापास. वायर हातात धरू नका आणि प्लगशिवाय हवेत मोकळी ठेवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आणि इग्नायटर जायची भीती असते. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठे गळती दिसत असेल तर ही तपासणी करायचीच नाही.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा. कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर क्लीनरचं झाकण काढा, आत बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी एकदा पूर्ण ओढा. पेट्रोलची बारीक धार आत उडताना दिसली पाहिजे. नाही उडाली तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) कोरडं आहे. एमपीएफआयमध्ये किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो. तो नसेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि पंप ही रांग धरा.

एमपीएफआय गाडीत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेले असतील तर ती चांगली खूण आहे. दोन पार्ट एकाच क्षणी मरत नाहीत. मग दोघांना सामाईक असलेलंच काहीतरी गेलंय: मेन रिले, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) अर्थिंग किंवा क्रँक सेन्सरचा सिग्नल.

३. गाडीत कोणती हत्यारं ठेवू? मल्टिमीटर पुरेल का?

साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, एक जादा प्लग, प्लग पाना, १० मिलिमीटरचा पाना, ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली दोन मीटर वायर. एवढ्यावर या पानावरच्या बहुतेक तपासण्या होतात.

टेस्ट लॅम्प म्हणजे १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. मल्टिमीटर असताना तो कशाला, असं खूप जण विचारतात. वायरीचा जोड आत गंजून जेमतेम टेकलेला असला तरी मल्टिमीटर १२ व्होल्टच दाखवेल, कारण तो स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे तीच वायर बल्बपुढे उघडी पडते: बल्ब मिणमिणतो. फक्त ईसीयूच्या आणि सेन्सरच्या वायरींना हा बल्ब लावू नका. तिथे मल्टिमीटरच.

४. बॅटरी नवीन आहे, अल्टरनेटरही दुरुस्त केला. तरी कधी सेल लागत नाही, कधी गाडी बंद पडते. आता काय राहिलं?

अर्थिंग राहिलं, म्हणजे करंट इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याची वाट. जुन्या गाडीत विजेचे जितके विचित्र दोष येतात, त्यांतले निम्मे तरी इथे सुटतात असं आमचं मत आहे, आणि तरी अर्थिंग सगळ्यात शेवटी तपासलं जातं.

आधी बॅटरीचे आकडे घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धा. सेल मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला आहे. चार्जिंग अधूनमधून होत नसेल आणि किल्ली ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवाच लागत नसेल तर आधी तो बल्ब बघा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो.

आता अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या पोस्टवर. लाल सळई इंजिनाच्या उघड्या धातूवर. कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा म्हणजे गाडी चालू होणार नाही (एमपीएफआयमध्ये पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या) आणि सेल मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट आला तर निगेटिव्ह केबल किंवा तिचा जोड खराब. मग लाल सळई बॉडीवर ठेवून, इंजिन चालू, हेडलाइट आणि हीटरचा पंखा लावून पुन्हा बघा, इथे ०.१ च्या आसपासच हवं.

दोष सापडला की टर्मिनल काढून शिसं चमकेपर्यंत घासा. केबल जिथे गिअरबॉक्सला आणि बॉडीला बोल्टने लागते तिथला रंग-गंज खरवडून काढा, दातेरी वॉशरसह घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. केबलचा लग वरून चकचकीत आणि आत, रबराखाली, हिरवा-पांढरा भुगा झालेला असतो. वाकवून बघितल्यावर कुरकुरत असेल तर केबल बदलाच. इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी इंजिन काढताना सुटून परत न लावलेली गाडीही अनेकदा सापडते. अशा गाडीत सेलचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. चार-पाच वेळा सेल मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर दुसरं काही शोधायलाच नको.

५. पॉइंटवाली गाडी आहे. पॉइंट घासले की पंधरा दिवस बरी चालते, मग परत मिसिंग (ठिणगी मध्येच चुकून झटके). का?

कारण पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, जळतायत आणि ते का जळतायत हे कोणी बघत नाही. पहिला संशय कंडेन्सरवर. तो कमजोर झाला की पॉइंटमध्ये निळी ठिणगी उडते, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होतं. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीने बदला. गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फीलर गेजने, कॅमच्या टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून टायमिंग लाइट लावल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक थर द्या. कोरड्या कॅमवर पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजतो, गॅप आपोआप बुजतो आणि एके दिवशी गाडी अचानक बंद पडते.

इथे एक दोष असा आहे की तो चांगल्या चांगल्या कारागिरांनाही चकवतो. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) आत पॉइंट बसवलेली प्लेट व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेबरोबर) थोडी फिरते. त्या प्लेटची आणि पॉइंटची इवलीशी वायर वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटते. वरचं आवरण मात्र शाबूत. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) गाडी छान. रेस दिली की प्लेट फिरते, वायर ताणली जाते, ठिणगी गायब. तपासायला व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा आणि गाडी चालवा. झटके थांबले तर ती वायर बदला, आणि नळी परत लावायला विसरू नका.

६. कॉइल गरम झाल्यावर बंद पडते असं सांगितलं. नवीन टाकण्याआधी खात्री कशी करू?

मोजायची ती गरम असताना, बंद पडल्या पडल्या. वायरी काढून प्लस आणि मायनसमधला रेझिस्टन्स घ्या: वेगळा रेझिस्टर नसलेल्या पॉइंटच्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओम, रेझिस्टर असलेल्या प्रकारात दीड ओमच्या आसपास. प्लस ते मधलं टॉवर ७ ते १५ किलोओम. गरम असताना मीटर अनंत दाखवत असेल आणि थंड झाल्यावर आकडा परत येत असेल तर कॉइल नक्की गेली. सोपी खात्री म्हणजे ओळखीच्या गाडीची चांगली कॉइल बाजूला बांधून तिच्यावर गाडी फिरवणं.

कॉइल हाताला सोसवत नाही इतकी तापते, याचा अर्थ ती खराबच आहे असं नाही. रेझिस्टरवाली दीड ओमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तरी तशीच तापते, पॉइंटही जाळते. दुकानात ‘मारुतीची कॉइल’ एवढंच सांगून आणू नका. आणखी एक: रेझिस्टर असलेल्या गाडीत सेल मारताना इंजिन पेट घेतं आणि किल्ली सोडताच मरतं, तर रेझिस्टर तुटलेला आहे किंवा इग्निशन स्विचचा ऑनचा कॉन्टॅक्ट गेला आहे. कॉइलचा त्यात दोष नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत इग्नायटरही तापल्यावर असाच वागतो. त्याच्या अर्थिंगचा स्क्रू आणि बसण्याची जागा आधी साफ करा.

७. फक्त घाटात किंवा मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये बंद पडते. हा विजेचा दोष की पेट्रोलचा?

कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन्ही असू शकतं. खंबाटकी किंवा कसारा चढताना इंजिन तापतं, वेग कमी, हवा कमी. मेकॅनिकल पंप इंजिनालाच बसवलेला असल्याने त्याच्यातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. प्रश्न २ मधली ‘धार उडते का’ ही तपासणी इथे निकाल देते. धार नाही, तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा. ओलं फडकं कॉइलवर आणि डिस्ट्रिब्युटरवर लागू देऊ नका. पाच मिनिटांत धार परत आली तर वाफच होती.

मग वाफ का होते ते शोधा. पंप आणि इंजिनामधला जाड उष्णतारोधक तुकडा कोणी काढून टाकलाय का? नळी एक्झॉस्टच्या जवळून जाते का? टाकीकडे परत जाणारी रिटर्न नळी दबली आहे का? ती बंद असली की पेट्रोल फिरत राहत नाही आणि तापतं.

टाकीची हवा घेण्याची वाट बुजली तरी नेमकी हीच लक्षणं येतात. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर वाट मोकळी करा. फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर आधी तो बदला.

८. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होतंय का?

एकटं ते कारण सहसा नसतं, पण जुन्या गाडीत भर घालतं. इथेनॉल पाणी शोषतं, टाकीच्या तळाचा जुना गाळ सुटा करून फिल्टरमध्ये आणतं आणि त्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा फुगवतं किंवा कडक करतं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, बदलल्यावर फिल्टर दोन महिन्यांत पुन्हा बघा. महिनोन् महिने उभ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नका.

९. रेस देत राहिलं की चालते, सिग्नलला पाय काढला की बंद. सेटिंग करून आणलं तरी तेच.

कार्ब्युरेटरवर एक छोटा सोलेनॉइड असतो, त्याला एकच वायर जाते. किल्ली ऑन केली की तो ‘टक्’ वाजून आयडलचं पेट्रोल उघडतो. वायर सैल असली की आयडलला इंजिन मरतं आणि रेसवर चालतं. वायर काढून लावताना ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. आवाज नाही पण वायरीवर टेस्ट लॅम्प लागतो, तर सोलेनॉइड बदला. आवाज येतो तरी आयडल नाही, तर स्लो जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

इंजिनाचे फेरे आयडलला ९०० च्या आसपास असावेत. व्हॅक्यूमच्या फुटक्या नळ्या आणि कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट यांवर, थंड इंजिनावर, साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. आवाज बदलला तिथे गळती आहे. एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि आयडलचा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ करा. बॅटरी काढून लावल्यावर पहिले काही दिवस आयडल वरखाली होणं यात फारसं काही नाही.

१०. एमपीएफआय गाडी बंद पडते पण चेक इंजिनचा दिवा लागत नाही, आणि मोबाइलचा स्कॅनर जोडलाच जात नाही.

स्कॅनर खराब नाही. आपल्याकडे ओबीडीची (गाडीतले दोष स्वतः नोंदवून स्कॅनरला सांगणाऱ्या यंत्रणेची) सक्ती बीएस-४ या प्रदूषण नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या मारुतीला कंपनीचा जुना स्कॅनर लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायग्नॉसिसचं टर्मिनल अर्थ करून चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप मोजता येते. टर्मिनल मॉडेलप्रमाणे वेगळं, मॅन्युअल बघूनच करा. कोड १२ म्हणजे दोष नोंदलेला नाही.

नोंद नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. क्रँक किंवा कॅम सेन्सर (काही गाड्यांत तो डिस्ट्रिब्युटरमध्येच असतो) तापल्यावर क्षणभर गप्प बसला, तर ईसीयूला वाटतं इंजिन बंद झालं. सेल मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल, ठिणगी नसेल आणि पंपही गप्प असेल, तर हाच सेन्सर किंवा त्याचा कपलर (वायरीचा सुटा होणारा जोड). मेन रिले आणि पंपाचा रिले यांच्या आतल्या डाखणीला बारीक गोल तडे जातात. बंद पडल्यावर रिलेवर बोटाने टिचकी मारा. चालू झाली तर बदला. पुन्हा डाख देऊन तात्पुरतं घरी येता येईल, पण नवीन रिले स्वस्त आहे.

पंप चालतो तरी पिकअप नाही, तर दाब मोजून घ्या. अडीच ते तीन बारच्या घरात हवा.

११. लूज कॉन्टॅक्ट आहे हे कळतंय, पण नेमका कुठे ते कसं शोधायचं?

इंजिन आयडलला ठेवा आणि वायरिंगचा एकेक गठ्ठा, एकेक कपलर हलवा. ओढायचं नाही, हलवायचं. इंजिनाने दचका दिला तिथे थांबा. हेअर ड्रायरने एकेक रिले, इग्नायटर, सेन्सर तापवणं हाही चांगला उपाय आहे. सगळं एकदम तापवलं तर कळणार काही नाही.

कपलर उघडल्यावर हिरवा थर दिसतोच, पण पिनांची पकड दिसत नाही. तशाच मापाची एक सुटी पिन घेऊन प्रत्येक खाचेत घालून काढा. एखादीत ती अडखळल्याशिवाय सरकली तर ती खाच ताठ करा किंवा बदला. पिना पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो आणि महिन्यात परत गंज येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत वायरीच्या आवरणाखालून हातभर आत तांबं काळं पडलेलं असतं. तिथपर्यंत वायर कापून नवीन तुकडा डाखावा लागतो. पिळून टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे.

१२. पावसात किंवा गाडी धुतली की मिसिंग मारते.

अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, पाण्याचा बारीक फवारा प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर मारा. हात आणि फडकं लांब ठेवा. निळ्या ठिणग्या जिथे पळताना दिसतील ती वायर किंवा टोपी बदला. टोपीच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती पुसून जात नाही, टोपीच गेली. कार्बनच्या वायरींना मीटरमागे साधारण १० ते २० किलोओम असावेत.

१३. फ्यूज उडतो, पण रोज नाही. कधी महिन्यातून एकदा, कधी दिवसातून तीनदा.

फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट झालं की बल्ब लखलखीत पेटतो, एरवी मंद असतो किंवा विझलेला. त्या ओळीवरचे लाइट वगैरे बंद करा आणि वायरिंग हलवत जा. डिकीच्या बिजागरीजवळची वायर, दाराच्या खांबातून जाणारी, डॅशबोर्डच्या पत्र्याच्या कडेवरची आणि रिव्हर्स लाइटच्या स्विचची, ही नेहमीची ठिकाणं. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद कधीही घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

१४. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो.

मागच्या लॅम्पचं अर्थिंग. बल्ब होल्डरपासून बॉडीपर्यंत एक नवीन वायर टाका.

१५. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.

किल्ली काढा, दारं बंद करा, निगेटिव्ह केबल काढून मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. दहा मिनिटं थांबून वाचा. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. साध्या कार्ब्युरेटरच्या गाडीत घड्याळ आणि रेडिओ सोडून फारसं काही नसावं. ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला ७ अँपिअर-अवर गेले, आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल मारणार नाही. मीटर लागलेला असताना सेल मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

एकेक फ्यूज काढा, आकडा कुठे पडतो ते बघा. सगळे काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा (आधी बॅटरी काढून). डायोड खराब असला की रात्रभर तिथूनच गळतं.

१६. सीएनजी किट लावल्यापासून त्रास सुरू झाला. पेट्रोलवरही बंद पडते.

किटवाल्याने पेट्रोलच्या वाटेत एक सोलेनॉइड आणि इग्निशनच्या वायरीत जोड घातलेला असतो. ते दोन्ही आधी बघा. जोड बहुधा वायर सोलून पिळलेला असतो. कायम सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत फ्लोट चेंबर कोरडं पडून जेट चिकटतात, म्हणून रोज थोडं पेट्रोलवर चालवा. गॅसला ठिणगी जास्त दमाची लागते. पेट्रोलवर न जाणवणारी कमजोर प्लग वायर गॅसवर मिसिंग मारते. गॅसच्या उच्च दाबाच्या भागांना स्वतः हात लावू नका, अधिकृत केंद्रात दाखवा.

१७. सेंट्रल लॉक, अलार्म, मोठा म्युझिक सिस्टम बाहेरून बसवलाय. त्यांचा संबंध असू शकतो?

हो, आणि अलार्मचा तर सर्वात जास्त. त्याचा इंजिन बंद करणारा रिले थेट इग्निशनच्या किंवा पंपाच्या वायरीत असतो. रिलेत जाणारी मूळ वायरीची दोन टोकं शोधून ती सरळ जोडा आणि काही दिवस गाडी चालवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच गठ्ठ्यांत सापडतात, विशेषतः पावसाळ्यात.

१८. सगळं बदलून झालं. तरी महिन्यातून एकदा बंद पडते. आता?

दोष अशा क्षणी पकडायचा जेव्हा मीटर हातात नसतो. त्यासाठी कॉइलच्या प्लसवरून एक वायर, सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज घालून, आत आणा आणि डॅशबोर्डवर छोटा १२ व्होल्टचा दिवा लावा. एमपीएफआयमध्ये तसाच दुसरा दिवा पंपाच्या वायरीवर. गाडी बंद पडताना कॉइलचा दिवा गेला तर मागची ओळ बघा: इग्निशन स्विच, फ्यूज, मधले कपलर. दिवा राहिला आणि ठिणगी नाही तर कॉइलपासून पुढे. पंपाचा दिवा राहिला तरी पेट्रोल नाही तर पंप किंवा त्याचं अर्थिंग.

दोन्ही दिवे ठीक राहून बंद पडत असेल तर टाकी उघडा. तळाशी पडलेला प्लास्टिकचा पापुद्रा किंवा गंजाचा चुरा पिकअपच्या जाळीवर चिकटतो आणि इंजिन बंद झाल्यावर ओढ संपून आपोआप खाली पडतो. म्हणून दहा मिनिटांनी गाडी चालू होते आणि नळ्या, फिल्टर, पंप सगळं स्वच्छ दिसतं.

आणि एकाच वेळी दोन दोष असू शकतात. एक काढल्यावर त्रास निम्मा झाला तर ती दुरुस्ती चुकली असं मानून परत उलटी करू नका.

१९. दोष सापडेपर्यंत गाडी चालवावी का?

गावातल्या गावात, दिवसा, कडेने चालवता येईल. द्रुतगती मार्गावर, रात्री आणि घाटात नेऊ नका. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर क्लच दाबा, किल्ली ऑनवरच ठेवा. लॉकपर्यंत फिरवली तर स्टिअरिंग अडकतं. ब्रेकला बूस्टर असेल तर एक-दोन वेळाच नेहमीची ताकद मिळते, म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच धरून ठेवा. वायर जळाल्याचा वास आला किंवा डॅशबोर्डमागून धूर दिसला तर किल्ली बंद, सगळे खाली, आणि सुरक्षित पोचता येत असेल तरच १० च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा.